मालवाहू पिकअप गाडीचा हँडब्रेक : दोष ओळखणे व केबल जुळविणे

शेतमाल बाजारपेठेपर्यंत पोहोचविण्याच्या कामी बहुतेक भागांत बैलगाडीची जागा आता लहान मालवाहू पिकअप गाडीने घेतली आहे. नारायणगावच्या बाजारात येणारा टोमॅटो असो, लासलगावचा कांदा असो, की कोकणातील आंब्याच्या पेट्या असोत, शेताच्या बांधापासून बाजाराच्या आवारापर्यंतची वाहतूक पुष्कळ अंशी ह्याच गाड्या करतात. गाडीचे इंजिन, टायर व डिझेल ह्यांकडे मालकाचे लक्ष असते, कारण त्यांत उणीव आली की गाडी थांबते व धंदा बुडतो. हँडब्रेकचे तसे नाही. तो बिघडला तरी गाडी चालतच राहते. म्हणून त्याची दुरुस्ती आज ना उद्या करू अशा विचाराने मागे पडते.

परंतु हँडब्रेकचे काम गाडी चालत असताना नसून ती उभी असताना आहे. शेतातील उतारावर, ओढ्याकाठच्या वाटेवर अथवा घाटातील वळणावर उभी केलेली गाडी आपोआप चालू लागली, तर तिच्या मागे क्रेट उचलणारा मजूर असतो, कधी सावलीस बसलेले लहान मूल असते. त्या क्षणी चालकाच्या जागेवर कोणी नसते आणि धावत जाऊन गाडी धरणे माणसाच्या शक्तीबाहेरचे असते. म्हणून ह्या लहानशा भागाची रचना, त्यात येणारे दोष व ते दूर करण्याचा योग्य क्रम प्रत्येक गाडीमालकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

कायद्यानेही ही गोष्ट गौण मानलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ प्रमाणे अशा वाहनास पायाचा ब्रेक व उभे राहण्याचा ब्रेक अशा दोन स्वतंत्र व कार्यक्षम व्यवस्था असाव्या लागतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी चालक जागेवर नसताना वाहन उभे ठेवावयाचे असेल, तर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे, अथवा वाहन चुकून चालू लागणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली असली पाहिजे.

रिकामी गाडी धरणारा ब्रेक भरलेली गाडी धरीलच असे नाही

हँडब्रेकची परीक्षा पुष्कळदा रिकाम्या गाडीवर केली जाते आणि तेथेच फसगत होते. उतारावर उभ्या असलेल्या गाडीस खाली ओढणारे बल तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढते. दहा हात अंतरात एक हात उतरणारी जमीन घेतली, तर गाडीच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा भाग तिला खाली ओढीत असतो.

समजा, रिकाम्या गाडीचे वजन १,७०० किलो आहे. अशा उतारावर तिला सुमारे १७० किलोची ओढ बसेल. आता त्याच जागी तिच्यात प्रत्येकी २५ किलोचे ५० क्रेट भरले. साडेबारा क्विंटल माल चढला व एकूण वजन २,९५० किलो झाले. ओढ आता सुमारे २९५ किलो झाली. सकाळी रिकामी आणून उभी केलेली गाडी पहिले ३० क्रेट चढेपर्यंत निश्चल राहते व पुढे एकाएकी सरकू लागते, ह्याचे कारण हेच आहे. उतार पाच हातांत एक हात इतका असेल, तर ही ओढ जवळजवळ दुप्पट होते.

म्हणून "काल गाडी ह्याच जागी उभी होती" हा हँडब्रेक चांगला असल्याचा पुरावा मानता येत नाही. काल गाडीत किती माल होता हेही पाहावे लागते.

हँडब्रेकची रचना

बहुतेक पिकअप गाड्यांत हँडब्रेक मागील दोन्ही चाकांवर काम करतो. दांडा चालकाच्या बाजूस असतो. दांडा वर ओढला की त्याच्या बुडाशी असलेल्या दातेरी पट्टीवर एक खटका दाता-दाता चढत जातो; "टक् टक्" असा आवाज येतो तो ह्याचाच. हा खटका दात्यात अडकून राहतो, म्हणून हात काढल्यावरही दांडा वरच राहतो. दांड्याच्या टोकाचे बटण दाबले म्हणजे खटका सुटतो.

दांड्यास जोडलेली सळई किंवा पुढची केबल गाडीच्या पोटाखाली एका लहान आडव्या पट्टीस येऊन मिळते. हिला इक्वलायझर म्हणतात. जोखडाच्या मध्यावर लावलेली ओढ जशी दोन्ही बैलांवर वाटली जाते, त्याप्रमाणे ही पट्टी दांड्याची ओढ उजव्या व डाव्या केबलीत सारखी वाटते. दोन्ही केबली मागील चाकांच्या ड्रममध्ये शिरतात. तेथे केबल एका लहान दांडीस ओढते; ती दांडी दोन अर्धगोल ब्रेक-शू बाहेर फाकविते; शूवरील लायनर ड्रमला आतून घट्ट चिकटतात आणि चाक अडते.

केबल म्हणजे पोलादी तारांचा पीळ. तो एका बाहेरच्या नळीतून सरकतो. नळी जागच्या जागी पक्की असते व आतली तार मागेपुढे होते. ही तार नळीत मोकळी सरकणे हाच केबलीचा प्राण आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. पायाचा ब्रेक व हँडब्रेक ह्यांची ओढ वेगवेगळ्या वाटेने येते. पहिली ब्रेक ऑइलच्या दाबाने आणि दुसरी केबलीने. परंतु ड्रममध्ये गेल्यावर दोघेही त्याच शूंवर काम करतात. म्हणून शू झिजले असता केवळ केबल ताणून हँडब्रेक सुधारत नाही.

काही जुन्या जीपगाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे असतो. काही नवीन वाहनांत मागील चाकांस ड्रमऐवजी डिस्क असते. पुढे दिलेली कृती मागील चाकांस ड्रम असलेल्या गाडीची आहे. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत काही वेगळे सांगितले असेल, तर तेच प्रमाण मानावे.

नेहमी घडणारी चूक

दांडा फार वर येऊ लागला की गाडीखाली वाकून इक्वलायझरजवळचा नट आवळणे ही सर्वसाधारण रीत झाली आहे. हा नट हाताशी असतो, पाना एकच लागतो आणि काम पाच मिनिटांत होते. दांडा पुन्हा कडक लागतो व दुरुस्ती झाल्याचे समाधान मिळते. वास्तविक पुष्कळदा दोष केबलीत नसतो. लायनर झिजल्यामुळे शू व ड्रम ह्यांमधील फट वाढलेली असते, आणि नट आवळून त्या फटीवर नुसते पांघरूण घातले जाते.

ह्याचे परिणाम तीन होतात. पहिला असा की, दांडा खाली असतानाही केबल ताणलेली राहते व ड्रममधील लहान दांडी आपल्या मूळ जागी परत येत नाही. शू थोडे फाकलेलेच राहतात. गाडी चालताना ते ड्रमला घासतात, ड्रम तापतो, लायनर करपून गुळगुळीत होतात आणि डिझेल अधिक जाते. दुसरा परिणाम असा की, पुष्कळ गाड्यांत शूची फट आपोआप भरून काढणारी योजना असते. ती चालण्यासाठी शू पूर्णपणे मागे यावे लागतात. केबल ताणलेली असेल, तर ही योजना कुंठित होते, फट तशीच राहते आणि पायाचा ब्रेकही खोल जाऊ लागतो. तिसरा परिणाम सर्वांत घातक होय. नटाचे आटे संपेपर्यंत हाच उपाय चालू राहतो व लायनर किती उरले आहेत हे कोणी पाहत नाही.

म्हणून नियम असा ठेवावा : प्रथम शू, नंतर केबल. हा क्रम उलटू नये.

दोष असल्याची परीक्षा

गाडी सपाट जागी उभी करावी. पुढील चाकांच्या पुढे व मागे उटी, म्हणजे दगड किंवा लाकडी ठोकळा, लावावी. इंजिन बंद करून दांडा नेहमीच्या जोराने ओढावा व किती टक् वाजले ते मोजावे. साधारणतः पाच ते आठ दात्यांत दांडा घट्ट बसावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. दहा-बारा दात्यांवरही दांडा चढतच राहिला, तर फट वाढली आहे किंवा केबल सैल आहे. दोन-तीन दात्यांतच दांडा ताठ झाला, तर केबल फार ताणलेली आहे असे समजावे.

नंतर बटण न दाबता दांडा खाली दाबून पाहावा. तो घसरला, तर खटका किंवा दातेरी पट्टी झिजलेली आहे. हा दोष असलेली गाडी उतारावर कधीही उभी करू नये; धक्क्याने दांडा केव्हा सुटेल ह्याचा नेम नसतो.

ह्यानंतर रस्त्यावरील परीक्षा घ्यावी. रहदारी नसलेल्या, सौम्य उताराच्या जागी गाडी न्यावी. गाडीच्या मागे व पुढे कोणीही उभे राहू नये. चालकाने पायाच्या ब्रेकने गाडी थांबवून, गिअर सोडून हँडब्रेक ओढावा व पाय हळूहळू उचलावा. पाय ब्रेकवरच तयार ठेवावा. गाडी किंचितही सरकली, तर लागलीच पायाचा ब्रेक दाबावा. रिकाम्या गाडीवर ही परीक्षा उतरल्यानंतर नेहमीचा माल भरून ती पुन्हा घ्यावी.

शेवटची परीक्षा चालत्या गाडीची. पायाचा ब्रेक फारसा न वापरता गाडी चार-पाच किलोमीटर चालवावी व थांबल्यावर मागील दोन्ही ड्रमजवळ तळहात न्यावा. ड्रमला स्पर्श करू नये, भाजण्याचा संभव असतो. एका बाजूची धग दुसरीपेक्षा स्पष्टपणे अधिक लागली, तर त्या बाजूचा शू सुटत नाही हे निश्चित.

लक्षणांवरून कारण ओळखणे

(१) दांडा फार वर येतो, पण शेवटी ब्रेक धरतो. लायनर झिजले असतील, फट भरून काढणारी योजना गंज व धूळ ह्यांनी अडली असेल किंवा केबल ताणून लांबली असेल. प्रथम ड्रम पाहावा.

(२) दांडा कडक लागतो, पण गाडी धरली जात नाही. लायनरवर तेल, ग्रीस किंवा ब्रेक ऑइल आले असेल, लायनर करपून काचेसारखे गुळगुळीत झाले असतील, अथवा केबल नळीत अडकल्यामुळे हाताची ओढ चाकापर्यंत पोहोचतच नसेल. चालकाच्या हातास दोन्ही प्रकारांत सारखेच कडक लागते. म्हणून ह्या लक्षणावर विश्वासून गाडी सोडून जाणे धोक्याचे आहे.

(३) दांडा खाली केला तरी चाक मोकळे होत नाही. नळीत पाणी व चिखल शिरून तार गंजली असेल, ड्रममधील परतीची स्प्रिंग दुबळी झाली असेल किंवा केबल प्रमाणाबाहेर ताणली असेल. गाडी जड ओढते, करपल्याचा वास येतो, ड्रम तापतो.

(४) एकच चाक धरते. एका बाजूची केबल अडकलेली किंवा तुटलेली असते, इक्वलायझर गंजून तिरका राहिलेला असतो किंवा एका बाजूच्या लायनरवर तेल आलेले असते. इक्वलायझरकडे पाहिल्यास पुष्कळ उलगडा होतो. एकाने दांडा ओढावा व दुसऱ्याने बाजूने पाहावे. पट्टी एका अंगास फार कलली, तर दोन्ही केबली सारख्या सरकत नाहीत हे उघड आहे.

(५) दांडा एकदम हलका पडतो. केबल तुटली आहे किंवा तिचे टोक खोबणीतून निघाले आहे. उटी लावल्याशिवाय चालकाने जागा सोडू नये.

(६) दांडा खाली असूनही समोरचा लाल दिवा जळतच राहतो. दांड्याखालचे बटण बिघडले असेल. परंतु पुष्कळ गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाल्याची सूचनाही हाच दिवा देतो. म्हणून दिव्याची तार काढून टाकण्यापूर्वी ब्रेक ऑइलची पातळी अवश्य पाहावी.

जुळवणीची पूर्वतयारी

गाडी रिकामी करावी व कठीण, सपाट जमिनीवर आणावी. नांगरटीची किंवा भिजलेली जमीन चालणार नाही. जॅक तीत रुततो. जुळवणीच्या वेळी हँडब्रेक सोडलेला व गिअर मोकळा असावा लागतो. म्हणजे गाडी धरून ठेवणारे दोन्ही उपाय त्या वेळी नसतात. सर्व भिस्त पुढील चाकांच्या उट्यांवर असते. म्हणून दोन्ही पुढील चाकांना, पुढून व मागून, अशा चार उट्या घट्ट बसवाव्यात.

मागील धुऱ्याखाली जॅक लावून दोन्ही चाके उचलावीत व धुरा दोन मजबूत लोखंडी घोड्यांवर टेकवावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. विटा, पोकळ ठोकळे अथवा रचलेले दगड हा घोडीस पर्याय नव्हे. विटा भाराखाली एकाएकी फुटतात. घोड्या नसतील, तर हे काम गावात न करता कारखान्यात न्यावे. गाडी घोड्यांवर असताना इंजिन चालू करू नये व मुलांना जवळ येऊ देऊ नये.

साहित्य थोडेच लागते : जॅक, दोन घोड्या, चार उट्या, चाकाचा पाना, दोन साधे पाने, पक्कड, चपट्या तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर, तारेचा ब्रश, ओले फडके व थोडे ग्रीस.

जुळवणीचा क्रम

पहिली पायरी : केबल सैल करणे. इक्वलायझरजवळील नटाचे आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत. मागचा लॉकनट सोडून नट इतका ढिला करावा की दोन्ही केबली स्पष्टपणे सैल पडतील. आता शू आपल्या मूळ जागी जातील. ही पायरी गाळली, तर पुढील सर्व माप चुकते.

दुसरी पायरी : चाके फिरवून पाहणे. प्रत्येक चाक हाताने फिरवावे. एक चाक फिरविताना दुसरे उलट दिशेने फिरू लागले, तर तो दोष नव्हे; मागील धुऱ्यातील गिअरांच्या रचनेमुळे तसे होते. केबल सैल असूनही चाक घासत असेल, तर दोष ड्रमच्या आत आहे.

तिसरी पायरी : ड्रमच्या आत पाहणे. चाक व ड्रम काढून लायनरची जाडी तपासावी. लायनर रिबिटांनी बसविलेले असतील, तर रिबिटांची डोकी ड्रमला लागण्यापूर्वीच ते बदलले पाहिजेत. बदलताना दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. एका बाजूस नवे व दुसऱ्या बाजूस जुने असले, तर ब्रेक एका अंगास ओढतो. आत तेल आढळले, तर लायनर पुसून भागत नाही. ते तेल धुऱ्याच्या ऑइल सीलमधून येते की चाकाच्या ब्रेक सिलिंडरमधून येते हे शोधून प्रथम ती गळती बंद करावी. ड्रममधील काळी भुकटी तोंडाने किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ती श्वासावाटे फुफ्फुसात जाणे अपायकारक आहे, आणि जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

ड्रम काढलेला असताना पायाचा ब्रेक कोणी दाबणार नाही ह्याची खबरदारी घ्यावी. तसे झाल्यास सिलिंडरमधील दट्ट्या बाहेर निघून ब्रेक ऑइल सांडते.

चौथी पायरी : शूची फट जुळविणे. ड्रम बसविल्यावर मागील पत्र्याच्या भोकातून स्क्रू-ड्रायव्हर घालून आतील दातेरी चक्री फिरवावी. चाक हाताने फिरेनासे होईपर्यंत शू बाहेर आणावेत व मग चाक मोकळे फिरेल इतकी चक्री मागे घ्यावी. अगदी हलका घासल्याचा आवाज आला तरी चालेल. अडखळ मात्र लागता कामा नये. भोकाचे रबरी झाकण परत बसवावे, नाहीतर चिखल आत जातो. फट आपोआप भरून काढणारी योजना असल्यास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पायाचा ब्रेक अनेक वेळा दाबून ती जुळू द्यावी. कोणत्याही प्रकारात शेवटी पायाचा ब्रेक पाच-सहा वेळा दाबावा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर नीट बसतात.

पाचवी पायरी : केबलीची तपासणी. प्रत्येक केबल तिच्या संपूर्ण लांबीत पाहावी. नळी कोठे चेपली आहे काय, सायलेन्सरला लागून करपली आहे काय, पकडीतून सुटून धुऱ्याला घासते काय, तारेचे धागे तुटले आहेत काय, हे पाहावे. एकाने दांडा ओढून सोडावा. तार दोन्ही बाजूंस सहज परत गेली पाहिजे. इक्वलायझर व सांधे स्वच्छ करून त्यांना ग्रीस लावावे. नळीत मात्र तेल ओतू नये. पुष्कळ केबलींच्या नळीस आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते; तिला वंगण लागत नाही, उलट तेलास धूळ चिकटून ती अधिकच जड होते. आत गंजलेली केबल मोकळी केली, तरी थोड्याच दिवसांत पुन्हा अडते. ती बदलणे हाच खरा उपाय होय. ज्या केबलीचे धागे तुटले असतील तिला गाठ मारून अथवा जोड देऊन चालवू नये.

सहावी पायरी : केबल जुळविणे. आता प्रथमच नटास हात लावावा. आट्याची सळई पकडीने धरावी, म्हणजे केबलीस पीळ पडणार नाही, आणि नट हळूहळू आवळावा. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर दांडा ओढून चाके फिरवून पाहावीत. दांडा अगदी खाली असताना दोन्ही चाके मोकळी फिरली पाहिजेत. पहिल्या एक-दोन दात्यांवर किंचित घासणे सुरू झाले तरी चालेल. आणि पुस्तिकेतील ठरीव दात्यावर दोन्ही चाके हाताने मुळीच फिरता कामा नयेत. दोन्ही चाके एकाच सुमारास धरतात काय हे अवश्य पाहावे. एक चाक मागे पडत असेल, तर नट अधिक न आवळता त्या बाजूच्या केबलीतील व ड्रममधील दोष शोधावा.

सातवी पायरी : नट पक्का करणे. दांडा पूर्ण जोराने दहा वेळा ओढून सोडावा, म्हणजे तारेतील ताण बसेल. नवीन केबल ह्या वेळी थोडी लांबते. पुन्हा दाते मोजावेत, लागल्यास किंचित जुळवावे व लॉकनट आवळावा. चाकांचे नट समोरासमोरचे याप्रमाणे आवळून गाडी खाली घ्यावी व जमिनीवर आल्यावर ते पुन्हा घट्ट करावेत. नंतर वर सांगितलेल्या सर्व परीक्षा क्रमाने घ्याव्यात. नवीन केबल किंवा नवीन लायनर घातले असतील, तर आठवड्याभराने दाते पुन्हा मोजावेत.

गाडी उभी करण्याची रीत

हँडब्रेक उत्तम असला तरी उतारावर त्याच्या एकट्यावर विसंबू नये. प्रथम पायाच्या ब्रेकने गाडी थांबवावी, हँडब्रेक ओढावा, मग पाय हळूहळू उचलून भार हँडब्रेकवर येऊ द्यावा. गाडी धरली गेली हे पाहून इंजिन बंद करावे व गिअर टाकावा. गाडीचे तोंड चढाकडे असल्यास पहिला, उताराकडे असल्यास रिव्हर्स. नंतर उताराच्या बाजूने चाकांना उटी लावावी. शक्य असेल तेथे पुढील चाके बांधाकडे किंवा रस्त्याच्या कडेकडे वळवून ठेवावीत. हँडब्रेक, गिअर व उटी ह्या तिहींपैकी एक चुकले तरी दुसरे दोन गाडी धरून ठेवतात.

उटी हाताशी असावी म्हणून पाचरीच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे गाडीतच बाळगावेत व त्यांना दोरी बांधावी. काम झाल्यावर उटी दोरीने ओढून काढता येते, चाकाजवळ हात न्यावा लागत नाही. रस्त्यावर दगड टाकून जाण्याची सवय तर अगदीच वाईट; मागून येणाऱ्या दुचाकीस तो दगड घातक होतो.

माल भरताना गाडी शक्यतो सपाटीवरच घ्यावी. उतारावर भरणे भागच असेल, तर चालकाने गाडीजवळच थांबावे, उताराच्या बाजूस कोणास बसू देऊ नये व अर्धा माल चढल्यावर उट्या पुन्हा पाहाव्यात. घाट उतरून आल्यावर ब्रेक तापलेले असतात व तापलेल्या लायनरची पकड कमी पडते. अशा वेळी गाडी उभी करताच प्रथम उटी लावावी.

ऋतुमानाप्रमाणे निगा

पावसाळा हा केबलीचा मोठा शत्रू होय. भातखाचरांच्या व उसाच्या फडांच्या वाटांवरील चिखल नळीच्या तोंडाशी साचतो आणि वाळल्यावर आत ओल धरून ठेवतो. कोकणपट्टीत खाऱ्या हवेमुळे गंज आणखी लवकर चढतो. म्हणून मृगापूर्वी एकदा संपूर्ण तपासणी करावी. पावसाळ्यात गाडीचे पोट आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने धुवावे. पाण्यातून गाडी काढल्यावर थोडे अंतर पायाचा ब्रेक हलका दाबीत सावकाश चालवावी, म्हणजे ड्रम कोरडे होतात.

भिजलेल्या गाडीचा हँडब्रेक अनेक दिवस ओढून ठेवल्यास लायनर ड्रमला गंजाने चिकटतात. गाडी बरेच दिवस उभी राहावयाची असेल, तर ती सपाट जागी, गिअर टाकून व चारही बाजूंनी उटी लावून ठेवावी आणि हँडब्रेक सोडावा. दुसरी तपासणी पाऊस संपल्यावर करावी. खंडेनवमीस गाडी धुऊन तिची पूजा करण्याची रीत घरोघर आहे. त्याच्या आदल्या दिवशी ड्रम व केबली पाहून घेतल्यास तपासणीचा दिवस निराळा लक्षात ठेवावा लागत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावयाचे कार्य

ग्रामपातळीवरील कार्यकर्ता हा मोटार दुरुस्त करणारा मेस्त्री नव्हे व त्याने तसे होण्याची अपेक्षाही नाही. परंतु हंगामाच्या आरंभी शेतकरी गटाच्या बैठकीत दाते मोजण्याची, खटक्याची व उतारावरील अशा तीन परीक्षांचे प्रात्यक्षिक त्यास घडवून आणता येईल. त्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही व कोणताही भाग उघडावा लागत नाही. प्रत्येक गाडीच्या दात्यांची संख्या वहीत तारखेसह टिपून ठेवावी. महिन्याभरात ती सहावरून नवावर गेली असेल, तर मालकाने सांगण्यापूर्वीच दोष उघड होतो. अनुभवी मेस्त्रीस बोलावून एका गाडीचा ड्रम सर्वांसमोर उघडून दाखविल्यास झिजलेला लायनर म्हणजे काय हे शेतकऱ्यांस जसे समजते, तसे ते व्याख्यानाने समजणार नाही.

खटका झिजलेला, केबल तुटलेली, ड्रममध्ये तेल आलेले किंवा ब्रेक ऑइल कमी होत असलेले आढळले, तर घरगुती उपाय न करता गाडी जाणत्या मेस्त्रीकडेच पाठवावी. त्याच्याकडेही "दांडा कडक करून द्या" असे न सांगता "ड्रम उघडून लायनर पाहा व मग केबल जुळवा" असे सांगावे. सांगण्यातील एवढ्या फरकाने कामात फार मोठा फरक पडतो.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. भरलेल्या गाडीस उतारावर अधिक ओढ बसते. रिकाम्या गाडीवरील परीक्षा अपुरी होय.
२. दांडा कडक लागणे म्हणजे ब्रेक धरणे नव्हे.
३. प्रथम केबल सैल करावी, मग शू जुळवावेत, शेवटी केबल आवळावी.
४. दांडा खाली असताना दोन्ही चाके पूर्ण मोकळी फिरली पाहिजेत.
५. गंजलेली किंवा धागे तुटलेली केबल बदलावी. तिला जोड देऊ नये.
६. नुसत्या जॅकवरील गाडीखाली शिरू नये.
७. उतारावर हँडब्रेक, गिअर व उटी ह्या तिन्ही गोष्टी कराव्यात.

लायनरचा जोड व केबल ह्यांचा खर्च एका खेपेच्या मालापुढे फार नाही आणि तपासणीस तर वेळेशिवाय काहीच लागत नाही. शेतकरी बंधूंनी आपापल्या गाडीच्या हँडब्रेकचे दाते आजच मोजावेत, दोन उट्या तयार करून गाडीत ठेवाव्यात व घरातील जे जे कोणी गाडी चालवितात त्या सर्वांस गाडी उभी करण्याची ही रीत समजावून द्यावी.